सिडनीतली आदिवासी सार्वजनिक कला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनीतल्या मराठी घरांत वर्षभर भारतातून पाहुणे येत असतात. कोणाचे आई-बाबा, कोणाच्या सासूबाई, कोणाचा मावसभाऊ. ऑपेरा हाउस, हार्बर ब्रिज, बॉन्डाय आणि ब्लू माउंटन्स ही यादी विमानात बसण्याआधीच तयार असते. त्या यादीच्या वाटेवर, अगदी हाकेच्या अंतरावर, इथल्या मूळ रहिवाशांच्या कलाकारांनी उभी केलेली कामं आहेत. बहुतेक पाहुणे त्यांच्या शेजारून निघून जातात, कारण ती काय आहेत हे कोणी सांगितलेलं नसतं. पाहुण्यांना ती दाखवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

सिडनी तर जेमतेम अडीचशे वर्षांचं शहर. इथे जुनं असं काय बघायचं?

इमारती म्हणाल तर अडीचशे वर्षांहून कमीच. जानेवारी १७८८ मध्ये ब्रिटिशांची कैदी वाहून आणणारी जहाजं इथे लागली आणि तिथून शहराचा हिशेब सुरू होतो. पण ऑस्ट्रेलियात माणसाचा वावर किमान ५०,००० वर्षांचा आहे. आज जिथे सर्क्युलर की, हाइड पार्क आणि ऑफिसांचे उंच मनोरे आहेत, ती गडिगल लोकांची भूमी. सिडनीच्या किनारपट्टीवर अशी अनेक कुळं होती. त्यांना एकत्रितपणे इओरा म्हटलं जातं. कुठल्या खाडीत कोण मासे धरणार, कुठल्या डोंगरावर कोणता विधी होणार, हे सगळं ठरलेलं होतं. जमीन ही त्यांच्या लेखी नात्यातली. तिची काळजी घ्यायची असते, तिची गाणी म्हणायची असतात, तिच्या गोष्टी पुढच्या पिढीला सांगायच्या असतात.

जहाजं आल्यानंतर सव्वा वर्षातच, १७८९ मध्ये, देवीची साथ आली. वसाहतीचे पहिले गव्हर्नर फिलिप यांच्याच अंदाजाप्रमाणे आसपासची निम्मी माणसं तिने नेली. त्यानंतर जमिनी गेल्या, भाषा दाबली गेली. शहराने या लोकांची आठवण दगडात कोरावी असं जवळजवळ दोनशे वर्षं कोणाला वाटलं नाही. म्हणून आजची ही कामं मला शहरातल्या कुठल्याही पुतळ्याहून मोलाची वाटतात. आपण कुठे उभे आहोत, हे ती सांगतात.

वेळ फार नाही. एकच कलाकृती बघायची तर कोणती?

‘बारा’. २०२२ मध्ये उभी राहिलेली, जूडी वॉटसन यांची. वॉटसन वान्यी समाजाच्या, मूळ क्वीन्सलंडच्या. ऑपेरा हाउसच्या मागे जो उंच कातळ आहे, त्याच्या माथ्यावरच्या हिरवळीवर एक पांढराशुभ्र, चंद्रकोरीसारखा वळलेला आकार उभा आहे, सहा मीटरहून उंच. खालून जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोडे वर चढून येतात, त्यामुळे तिथे निवांतपणाही मिळतो.

हा आकार आहे गळाचा. गडिगल बायका शंखाचा तुकडा दगडावर घासून घासून असा गळ करत. झाडाच्या सालीचे धागे मांडीवर वळून दोरी करत. झाडाच्याच सालीची, दोन्ही टोकांना बांधलेली होडी घेऊन त्या बंदरात जात. होडीत मातीच्या थरावर विस्तव पेटलेला असे. सोबत लेकरं असत. मासा मिळाला की तिथेच भाजून पोरांना भरवायचा. पुरुष भाल्याने मासे मारत, गळ टाकायचं काम बायकांचं. वल्ह्यांच्या तालावर त्यांची गाणी चालत, असं पहिल्या वसाहतीतल्या अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे ज्या बंदराचे फोटो जगभर जातात, तिथली पहिली कर्तबगार माणसं या कोळिणी होत्या.

आता खाली ऑपेरा हाउसकडे बघा. त्या भूशिराला आज बेनेलॉन्ग पॉइंट म्हणतात. पिढ्यानपिढ्या लोकांनी खाल्लेल्या शिंपल्यांचे तिथे ढीग साठलेले होते. वसाहतीला बांधकामासाठी चुना हवा होता आणि सिडनीजवळ चुनखडी मिळेना. मग ते ढीग उचलून भाजले गेले. काही काळ त्या जागेचं नावच ‘लाइमबर्नर्स पॉइंट’ होतं. गडिगल लोकांच्या हजारो जेवणांचा पुरावा असा वसाहतीच्या भिंतींत गेला. वॉटसन यांनी त्याच जागेच्या डोक्यावर शंखाचा गळ उभा केला आहे. हे माहीत असलं की त्या पांढऱ्या रंगाकडे बघण्याची नजर बदलते.

‘बारा’ला पोचायचं कसं? जिने चढवत नाहीत.

ऑपेरा हाउसच्या अंगणातून कातळाला लागून पायऱ्या आहेत, त्या जरा उभ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर मॅक्वारी स्ट्रीटच्या बाजूने, बोटॅनिक गार्डनमधून वरच्या वर या. अंतर थोडं वाढतं, पण चढ सोसवतो आणि वाटेत सावली आहे.

हाइड पार्कमध्ये बंदुकीच्या भल्यामोठ्या गोळ्या कशासाठी उभ्या केल्यात? बागेत बरं दिसतं का ते?

बरं दिसण्यासाठी ते नाहीच. मराठी पाहुण्यांना सगळ्यात जास्त खटकणारं आणि गोष्ट ऐकल्यावर सगळ्यात जास्त लक्षात राहणारं काम हेच.

नाव ‘यिनिनमड्येमी’. कलाकार टोनी अल्बर्ट. ३१ मार्च २०१५ रोजी त्याचं अनावरण झालं. चार गोळ्या उभ्या, प्रत्येक सात मीटर उंच, आणि तीन रिकामी काडतुसं आडवी पडलेली. हे आकडे मनाने घेतलेले नाहीत. टोनी यांचे आजोबा एडी अल्बर्ट दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात होते. जर्मनांनी चालवलेल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून ते आणि आणखी सहा जण निसटले, पण इटालियन सैनिकांच्या हाती लागले. सातही जणांना रांगेत उभं करून गोळ्या घालायचं ठरलं. तिघांना मारून झालं, तेवढ्यात हे युद्धकैदी आहेत आणि त्यांना परत छावणीत पाठवायला हवं, हे एका अधिकाऱ्याच्या लक्षात आलं. चौघे वाचले. एडी त्या चौघांतले. तीन पडलेली काडतुसं आणि चार उभ्या गोळ्या म्हणजे ती सात माणसं.

ज्या देशासाठी एडी अल्बर्ट लढले, त्या देशात त्यांच्या समाजाला तेव्हा बरोबरीचं नागरिक मानलं जात नव्हतं. युद्धाहून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना शेतीसाठी जमिनी देण्याची योजना होती. आदिवासी सैनिकांपैकी बहुतेकांना ती मिळाली नाही. उलट काही ठिकाणी त्यांच्याच वस्तीच्या जमिनी त्या योजनेत वाटल्या गेल्या. पदकं लावून घरी आलेल्या माणसाला हॉटेलात बसायला मनाई, असेही प्रसंग घडले.

आता त्याच बागेत थोडं उत्तरेकडे चालत जा. तिथे १८७९ पासून कॅप्टन कुक यांचा उंच पुतळा आहे. चौथऱ्यावर कोरलं आहे की त्यांनी १७७० मध्ये हा प्रदेश ‘शोधला’. दोन्ही कामं एका फेरीत बघा आणि मुलांनाही दाखवा. एकाच बागेतली ही दोन स्मारकं शेजारी ठेवली की शाळेच्या पुस्तकातला ऑस्ट्रेलियाचा इतिहास अपुरा वाटू लागतो.

म्युझियम ऑफ सिडनीच्या दारात खांबांचा एक पुंजका आहे. त्यातून आवाज येतात. ते काय आहे?

‘एज ऑफ द ट्रीज’, म्हणजे झाडांच्या कडेला. १९९५ चं काम. फियोना फोली आणि जॅनेट लॉरेन्स या दोघींनी मिळून केलेलं. फोली बाटजाला समाजाच्या, क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या क’गारी बेटाशी नातं असलेल्या. लॉरेन्स या बिगर-आदिवासी. शहरातल्या मोठ्या सार्वजनिक कामावर एक आदिवासी आणि एक बिगर-आदिवासी कलाकार बरोबरीने नांदतात, ही तेव्हा नवीन गोष्ट होती.

दगड, लाकूड आणि पोलाद यांचे २९ खांब आहेत. सिडनीच्या आसपासच्या २९ कुळांसाठी ते आहेत. लाकडाचे खांब पाडलेल्या जुन्या इमारतींच्या तुळयांचे आहेत. म्हणजे इथलीच झाडं, जी तोडून कारखाने उभे राहिले, ती पुन्हा झाडांसारखी उभी केली आहेत. कोणत्या खांबावर झाडांची नावं आहेत, लॅटिनमध्ये आणि इथल्या भाषेत. कोणावर पहिल्या जहाजांतून आलेल्या माणसांची नावं. काही खांबांना काचेच्या खिडक्या आहेत, त्यांत शिंपले, हाडं, राख, केस असं ठेवलेलं आहे. आणि खांबांच्या मधून चालताना हळू आवाजात कोणी तरी नावं घेतं: इथल्या खाड्यांची, टेकड्यांची, गावांची जुनी नावं.

बाहेरून बघून पुढे जाऊ नका, खांबांच्या आत शिरा. किनाऱ्यावर उतरणाऱ्यांना झाडांआडून बघणारे लोक कसे दिसले असतील, ते आपण नेहमी ऐकतो. इथे आपण झाडांआडच्या माणसांच्या जागी उभे राहून बाहेर बघतो.

जागाही साधी नाही. वसाहतीचं पहिलं गव्हर्न्मेंट हाउस १७८८ मध्ये इथेच बांधलं गेलं. १८४६ मध्ये ते पाडलं आणि लोक विसरले. १९८३ मध्ये खोदकामात पाया सापडला. त्या घराच्या बागेत १७९१ मध्ये बेनेलॉन्ग या इओरा पुरुषाने आपल्या बायकोची राख पसरली होती. तिचं नाव बॅरंगारू.

बॅरंगारू? ते तर डार्लिंग हार्बरजवळच्या महागड्या हॉटेलांच्या भागाचं नाव आहे ना?

हो, आणि त्या भागात रोज जेवायला जाणाऱ्यांपैकीही अनेकांना ते एका बाईचं नाव आहे हे माहीत नसतं. बॅरंगारू कॅमरेगल कुळातली. गव्हर्नरकडे जेवायला जातानाही तिने इंग्रजी कपडे घातले नाहीत. अंगाला आपल्या पद्धतीने रंग लावून ती गेली. डारिंगा नावाच्या बाईचं मासेमारीचं सामान एका कैद्याने चोरलं, तेव्हा त्याला सगळ्यांसमोर फटक्यांची शिक्षा झाली. जिच्या समाजातल्या बाईसाठी शिक्षा चालली होती, तीच बॅरंगारू काठी उगारून फटके मारणाऱ्याच्या अंगावर धावून गेली. वसाहतीतल्या वॉटकिन टेन्च या अधिकाऱ्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्याला ती विचित्र वाटली होती. मला मात्र त्या काळच्या सगळ्या नोंदींमध्ये ही बाई सगळ्यात जवळची वाटते. तिला दहन दिलं तेव्हा तिचं मासेमारीचं सामान सोबत ठेवलं होतं.

हॉटेलांचा भाग ओलांडून उत्तर टोकाला बॅरंगारू रिझर्व्ह आहे. तिथे आधी जहाजांतले कंटेनर उतरवायचा सपाट काँक्रीटचा धक्का होता. तो मोडून, जागेवरच कापलेले सुमारे १०,००० वालुकाश्मांचे ठोकळे रचून आणि ७५,००० च्या वर झाडं-झुडपं लावून ही टेकडी पुन्हा घडवली. झाडं जवळपास सगळी सिडनी परिसरातलीच. २०१५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आदिवासी वाटाड्यांबरोबरच्या पायी फेऱ्या इथे असतात. पैसे पडतात, पण ते सार्थकी लागतात. कुठलं पान चुरगाळून पाण्यात टाकलं की मासे गुंगतात, कुठल्या सालीची दोरी होते, हे फलक वाचून कळत नाही, सांगणाऱ्याकडूनच ऐकावं लागतं.

जवळच्या एका इमारतीवर ‘शेल वॉल’ हे काम आहे, २०१५ चंच. एस्मे टिम्बरी आणि जोनाथन जोन्स यांचं. टिम्बरी या ला पेरूज इथल्या बिजिगल समाजातल्या. त्यांच्या घरात शिंपल्यांचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. ला पेरूजच्या बायका पर्यटकांना शिंपल्यांनी मढवलेल्या डब्या आणि लहान मुलांचे जोडे विकून घर चालवत. ज्या कामाला पूर्वी फक्त बाजारातली शोभेची वस्तू मानलं गेलं, ते आता इमारतीच्या भिंतीएवढं झालं आहे.

ऑपेरा हाउसवर रात्री रंगीत चित्रं दिसतात, ती हीच का?

‘विविड’ नावाचा दिव्यांचा उत्सव वेगळा, तो ठरावीक दिवसांत असतो. आदिवासी कलाकारांची चित्रं असतात ती ‘बडू गिली’ या कामात, ते २०१७ मध्ये सुरू झालं. रोडा रॉबर्ट्स यांनी ते आकाराला आणलं. ऑपेरा हाउसच्या पूर्वेकडच्या लहान शिडावर आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या कलाकारांची हलती चित्रं संगीतासह दाखवतात. काही मिनिटांचंच असतं. तिकीट नाही. समोरच्या मोठ्या पायऱ्यांच्या माथ्यावर जाऊन बसा. कलाकार अधूनमधून बदलतात आणि वेळा सूर्यास्ताप्रमाणे पुढे-मागे होतात, म्हणून निघण्याआधी ऑपेरा हाउसच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

बोटॅनिक गार्डनमध्ये फुलांखेरीज काही आहे का?

फार्म कोव्ह या खाडीच्या कडेने चालताना पायाखाली बघा. ब्रेंडा क्रॉफ्ट यांचं ‘वुगनमगुल्या’ हे २००० साली केलेलं काम जमिनीतच बसवलेलं आहे. सिडनीच्या कातळांवर कोरलेल्या आकृत्यांवरून घेतलेले आकार आहेत, आणि वाटेच्या कडेला नावं कोरली आहेत. धावायला येणारे रोज त्यावरून जातात. १७९५ मध्ये याच खाडीच्या टोकाशी मुलांना पुरुष म्हणून समाजात घेण्याचा मोठा विधी झाला होता. वसाहतीतल्या अधिकाऱ्यांनी तो पाहून लिहून ठेवला. वसाहतीचं पहिलं शेत याच जागी केलं होतं, म्हणून इंग्रजी नाव ‘शेताची खाडी’.

याच बागेत २०१६ मध्ये जोनाथन जोन्स यांनी काही दिवसांपुरतं एक काम केलं होतं. आता ते नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८७९ मध्ये इथे आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी ‘गार्डन पॅलेस’ नावाची प्रचंड इमारत बांधली होती. २२ सप्टेंबर १८८२ रोजी ती जळून खाक झाली. आत आदिवासी समाजांकडून गोळा केलेल्या ढाली, भाले, टोपल्या होत्या. देशाच्या या भागातल्या कितीतरी समाजांच्या वस्तू एका रात्रीत गेल्या. जोन्स यांनी त्या इमारतीच्या पायाच्या रेषेवर १५,००० पांढऱ्या ढाली मांडल्या. हिरवळीवर एवढी मोठी पोकळी आहे, हे शहराला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

ठिपक्यांची चित्रं कुठे आहेत? आम्हाला वाटलं होतं, आदिवासी कला म्हणजे ठिपके.

असं जवळजवळ प्रत्येकालाच वाटतं, कारण विमानतळावरच्या दुकानांत तेच दिसतं. ठिपक्यांची चित्रशैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. १९७१ मध्ये पपुन्या या वस्तीत तिथल्या पुरुषांनी आपल्या विधींमधल्या खुणा रंगांनी फळ्यांवर उतरवायला सुरुवात केली आणि तिथून ती जगभर गेली. सिडनीपासून ते ठिकाण हजारो किलोमीटर दूर. आपल्याकडे काश्मीर आणि केरळची कला एक समजण्यासारखं ते होईल.

सिडनीची स्वतःची रीत कातळावर रेषा कोरण्याची. मासे, व्हेल, कांगारू, ढाली, माणसं, पूर्वज. एकेक आकृती काही मीटर लांब. शहराच्या उत्तरेला कू-रिंग-गाय चेस राष्ट्रीय उद्यानात बेसिन ट्रॅकवर ती चांगली दिसतात. भर दुपारी गेलात तर काहीच दिसणार नाही आणि निराश होऊन परताल. ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जा. सावली रेषेत भरली की आकृती उठून येते. कोरीव भागावर पाय ठेवू नका, पाणी ओतू नका, खडूने रेषा ठळक करू नका. वालुकाश्म मऊ असतो, झिजला की झिजला.

रेडफर्नला जावं का? तिथे जाऊ नका असं काही जण सांगतात.

जावं. जुन्या ऐकीव गोष्टी बाजूला ठेवा. शहरातल्या आदिवासी राजकारणाचं ते माहेरघर आहे. आदिवासींसाठीची कायदा सेवा १९७० मध्ये आणि वैद्यकीय सेवा १९७१ मध्ये इथेच सुरू झाली. दोन्ही सेवा लोकांनी स्वतः उभ्या केल्या. रेडफर्न स्टेशनसमोरच्या पुलाच्या भिंतीवर ‘४०,००० इयर्स’ हे लांबलचक भित्तिचित्र आहे. १९८३ मध्ये कॅरल रफ यांनी वस्तीतल्या लोकांसोबत ते रंगवलं. पुढे ते फिकट पडलं, पोपडे निघाले, आणि २०१८ मध्ये पुन्हा रंगवून घेतलं. बंदराजवळची कामं महापालिकेच्या किंवा इतर मोठ्या संस्थांच्या पैशाने आणि नियोजनाने झाली. हे चित्र वस्तीच्या हट्टातून झालं आणि टिकलं. त्यामुळे रेडफर्न वगळून केलेली फेरी मला अर्धवट वाटते.

ही कामं ठरवतं कोण? बाहेरून आलेल्या आदिवासी कलाकाराला गडिगल भूमीवर काम करायची परवानगी कोण देतं?

फार महत्त्वाचा प्रश्न. सिडनी महापालिकेने ‘इओरा जर्नी’ हा कार्यक्रम आखला. सार्वजनिक जागांवरच्या कामांसाठी हेट्टी पर्किन्स या क्युरेटर होत्या. ‘यिनिनमड्येमी’ आणि ‘बारा’ त्यातूनच आली. बंदराच्या काठाने पिरमॉन्टपासून वूलूमलूपर्यंत जाणारा नऊ किलोमीटरचा ‘यानानुराला’ हा मार्गही त्यातलाच, त्याची मांडणी विराजुरी समाजातल्या एमिली मॅकडॅनिएल यांनी केली. महापालिकेचं आदिवासी आणि टॉरेस बेटवासीयांचं सल्लागार मंडळ आहे, आणि स्थानिक ज्येष्ठांशी बोलल्याशिवाय अशी कामं पुढे जात नाहीत.

वॉटसन क्वीन्सलंडच्या, अल्बर्टही क्वीन्सलंडचे. दुसऱ्यांच्या भूमीवर काम करताना आपण पाहुणे आहोत, हे ते जाणतात. म्हणून वॉटसन यांनी आपल्या वान्यी पूर्वजांची खूण आणली नाही, गडिगल बायकांचा गळ घेतला. इथली गोष्ट इथल्यांना विचारून सांगायची, हा शिष्टाचार या समाजांमध्ये कडक आहे.

शिल्पं उभारून जमीन थोडीच परत मिळते?

नाही मिळत. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात आदिवासींना संसदेपुढे मत मांडणारी एक कायमची सल्लागार संस्था द्यावी का, असं देशाला विचारलं गेलं. सुमारे ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं. तुरुंगातलं प्रमाण, आयुर्मान, मुलांचं घरापासून तुटणं, या प्रश्नांवर कुठल्याही शिल्पाचा उतारा नाही, आणि कलाकारही तसा दावा करत नाहीत. पण जिथे कुक यांचा पुतळा एकटा बोलत होता, तिथे आता दुसरा आवाज आहे. शाळेच्या सहली त्याच्यासमोर थांबतात. २५ एप्रिलला, सैनिकांच्या स्मरणाच्या अँझॅक दिनी, रेडफर्नपासून आदिवासी सैनिकांच्या आठवणीसाठी लोक चालत निघतात. मला हे थोडं वाटत नाही, पुरेसंही वाटत नाही.

आपल्या वारली चित्रांसारखंच आहे का हे?

काही बाबतींत. वारली लग्नात सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढतात आणि धवलेरी गाते. त्याशिवाय लग्न लागत नाही. चित्र, गाणं, देवी आणि शेत एकाच धाग्यात असतात, तसंच इथेही. डहाणूजवळच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती रेषा कागदावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. पण आपल्या शहरांतल्या उड्डाणपुलांखाली आणि सोसायट्यांच्या भिंतींवर जी वारली म्हणून चित्रं दिसतात, ती कोणी काढली, वारली कलाकाराला किती पैसे मिळाले, त्यात कुठल्या पाड्याची कोणती गोष्ट आहे, हे आपण क्वचितच विचारतो. सिडनीत बहुतेक कामांशेजारी कलाकाराचं नाव आणि समाज लिहिलेला असतो. एवढं तरी आपल्याकडे उद्यापासून करता येईल.

घरी न्यायला काही घ्यायचं असेल तर? स्वस्त बूमरँग चालेल?

नको. पर्यटकांच्या दुकानांतल्या कितीतरी वस्तू दुसऱ्या देशांत बनतात आणि त्यांवरची नक्षी कोणाच्याच गोष्टीची नसते. इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू आदिवासींनी हाताने रंगवलेल्या असल्याचं भासवून विकल्याबद्दल एका घाऊक कंपनीला २०१९ मध्ये फेडरल न्यायालयाने २३ लाख डॉलरचा दंड केला होता. वस्तूवर कलाकाराचं नाव, समाज आणि गाव आहे का ते बघा. नसेल तर दुकानदाराला विचारा. आदिवासी कलेच्या न्याय्य विक्रीसाठीच्या ‘इंडिजिनस आर्ट कोड’चे सदस्य असलेली दुकानं त्यातल्या त्यात भरवशाची. महाग वाटलं तर छोटं काही घ्या, एखादं छापील चित्र किंवा चहाचं फडकं, पण ज्याचे पैसे कलाकाराला मिळतात असं. काळा, लाल आणि मधे पिवळा गोल असलेला आदिवासींचा झेंडा १९७१ मध्ये हॅरल्ड थॉमस यांनी काढला. त्याचे हक्क २०२२ मध्ये सरकारने विकत घेतल्यापासून तो कोणीही वापरू शकतं.

आई-बाबांना घेऊन एका दिवसात काय जमेल?

सकाळी रेल्वेने रेडफर्न, भित्तिचित्र बघून परत स्टेशनवर. तिथून म्युझियम स्टेशन. बाहेर पडलात की हाइड पार्कचा दक्षिण भाग, ‘यिनिनमड्येमी’ तिथेच. बाकं भरपूर आहेत. डबा असेल तर इथेच खा. पुढे बाग ओलांडून कुकच्या पुतळ्यावरून जा. चालवत नसेल तर सरळ सर्क्युलर कीपर्यंत गाडी घ्या. म्युझियम ऑफ सिडनी तिथून काही मिनिटांवर, आणि ‘एज ऑफ द ट्रीज’ दाराबाहेर असल्याने तिकीट लागत नाही.

दुपारचं ऊन कडक असेल तर न्यू साउथ वेल्सच्या आर्ट गॅलरीत शिरा. नव्या इमारतीत शिरल्या शिरल्या ‘यिरिबाना’ हे आदिवासी कलेचं दालन आहे. प्रवेश मोफत, आत गारवा, बसायला जागा आणि चांगली स्वच्छतागृहं. ऊन उतरल्यावर बागेतून फार्म कोव्हच्या कडेने चालत ‘बारा’पर्यंत या. अंधार पडला की पायऱ्या उतरून ‘बडू गिली’. बॅरंगारू आणि कू-रिंग-गायला वेगळे दिवस ठेवा. एका दिवसात सगळं कोंबलंत तर संध्याकाळी फक्त पाय दुखल्याचं लक्षात राहील. टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि रेल्वे-बसच्या ओपल कार्डात पैसे, एवढं मात्र निघण्याआधी बघा.